मटणाबरोबरची बाटली

आमच्या इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळींत पुरुष 'बसतात' आणि बायका उभ्या असतात. बसायची जागा म्हणजे घरामागची कॉन्झर्व्हेटरी. तिथे व्हिस्की, बर्फ, शेंगदाणे आणि क्रिकेट. आम्ही आत पापड तळायचे, चकणा पोचवायचा आणि रस्सा गरम करत वाट बघायची, कारण पिणं आधी आणि जेवण नंतर. तिकडे का बसायचं, तर मोठ्यांसमोर पिऊ नये म्हणून. अख्खी खोली काचेची आहे, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

या रविवारी माझा वाढदिवस होता. माझा एकच हट्ट होता: सगळ्यांनी माझ्या टेबलावर बसायचं आणि गरम सावजी मटणाबरोबर मी निवडलेली वाइन प्यायची.

ती निवडायला मला वर्ष लागलं. वाइनच्या संध्याकाळच्या वर्गात आमच्या ज्युलिएटबाईंनी सांगितलं होतं, "करीबरोबर बिअर घ्या, फार तर गोडसर व्हाइट. रेड विसराच." माझं डोकंच फिरलं. करी म्हणे! सावजीचा रस्सा बाईंनी कधी चाखला होता? मी घरी रस्सा करून एकेक रेड उघडत गेले. बोर्दोने तोंडात आग लावली, कारण तिचा तुरटपणा आणि आपलं तिखट यांचं अजिबात पटत नाही. मग बोजोले भागातली मॉर्गाँ सापडली. गामे नावाच्या द्राक्षाची, फ्रान्सची असूनही नखरे नसलेली. तुरटपणा बेताचा, आंबटपणा खणखणीत, वास पिकलेल्या चेरीचा आणि मागून थोडा ओल्या मातीचा. जराशी गार केली की मटणाची चरबी जिभेवरून पुसून नेते आणि पुढच्या घासाला मसाला नव्याने लागतो. शेंगदाण्यांबरोबर मात्र ती अगदीच बापुडवाणी होते. तिला जेवणच लागतं.

पाहुणे म्हणजे माझी मैत्रीण ऋजुता आणि तिचा नवरा प्रणव. शिवाय नागपूरहून माझ्या सासूबाई आलेल्या. मी ताटं मांडली आणि बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली. माझ्या नवऱ्याने, परीक्षितने, येऊन ती उचलली.

"ही आम्ही तिकडे नेतो. आईसमोर कशाला उगाच?"

"वहिनी, थोडे काजू फ्राय करता का?" प्रणव म्हणाला. त्याच्या हातात बर्फाचं भांडं होतं. माझ्या मॉर्गाँमध्ये बर्फ!

मी परीक्षितच्या हातातून बाटली काढून घेतली. "ही जेवणाबरोबरची आहे. प्यायची असेल त्याने ताटावर बसायचं. आज चकणा नाही."

"अगं, सीन नको ना करूस. मॅच संपली की येतोच. आईला काय वाटेल?"

"त्या इथे येतात तेव्हा तू त्यांच्यासमोरच पितोस, परीक्षित. मध्ये फक्त काच असते. मी काचेशिवाय पिणार."

दोघं व्हिस्की घेऊन कॉन्झर्व्हेटरीत गेले. मी बाटली उघडली. ऋजुताने ग्लास पुढे केला. सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्या खोलीत निघून जाणार.

त्या येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"मला ते नको," बाटलीकडे बोट करून त्या म्हणाल्या. "मला गरम वाढ. परीक्षितचे बाबा बसायचे ना, तेव्हा मटण गरम करून करून त्याचा पार लगदा व्हायचा. एवढी वर्षं मीच रांधलं, पण ते लागतं कसं हे मला ठाऊकच नाही."

माझे डोळे भरून आले. मी त्यांना नळीचं हाड वाढलं. त्यांनी ते मनसोक्त चोखलं. आम्ही तिघी घाम पुसत, नाक ओढत जेवलो, आणि मॉर्गाँने प्रत्येक घासाला माझी बाजू घेतली.

मॅच संपल्यावर ते दोघे आत आले. रस्स्यावर तवंग थिजला होता. परीक्षित सवयीने खुर्ची ओढून बसला.

"आई, जरा गरम करतेस?"

सासूबाई बोटं चाटत होत्या. त्यांनी खुर्ची सोडली नाही.

"मी बसलेय," त्या म्हणाल्या.