मीनाच्या स्वयंपाकाला दोष

सुनीलच्या किडन्या गेल्या त्या मीनाच्या हातचं खाऊन, असं तिच्या सासूनं, सरुबाईंनी, नाशिक रोडच्या अख्ख्या कॉलनीत सांगून ठेवलं होतं. "नवऱ्याला शुगर आहे, अन् ही भातावर भात वाढते!"

मीना ऐकून घ्यायची. लग्नानंतर लवकरच सुनीलला मधुमेह निघाला, तेव्हापासून तिनं घरात गोड करणंच सोडलं होतं. बाजरीची भाकरी, मेथी, कारलं. मुलीचा वाढदिवससुद्धा शिऱ्याविना. तरी दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात त्याचे पाय सुजले, तोंड सुजलं, आणि द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डायलिसिसचं नाव काढलं.

"घरात आणखी कुणाला किडनीचा त्रास होता?" त्यांनी विचारलं.

"छे! आमच्यात कुणालाच नाही," सरुबाई म्हणाल्या.

सुनीलची आत्या, विमलाबाई, त्याला बघायला गावाहून आली होती. ती कॉटशेजारून बोलली, "असं कसं वहिनी? आमचे आबा तसेच गेले, अंग सुजून, लघवी बंद होऊन. मागून दादाबी तसाच. दोघांनाबी शुगर व्हती."

आबा म्हणजे सुनीलचे आजोबा, दादा म्हणजे वडील. लग्नाच्या वेळी मीनाला सांगितलं होतं, ते हार्ट अटॅकनं गेले. तेव्हा लहान असलेल्या सुनीललाही तेच ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाईंनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "शुगर पुष्कळांना असते. किडन्या सगळ्यांच्या जात नाहीत. कुणाच्या जातात, ते थोडंफार वाडवडिलांच्या रक्तातून येतं. हे आधी कळलं असतं तर आम्ही पहिल्यापासून लघवी तपासत राहिलो असतो. गोळ्या आहेत. निदान लांबवता आलं असतं."

मीना सासूला बाहेर व्हरांड्यात घेऊन आली.

"का लपवलंत?"

"मग काय करू? तुझ्या बापानं पोरगी दिली असती?"

"माझ्या बापाचं सोडा! पोटच्या पोराला सांगायचं होतं. डॉक्टरला सांगायचं होतं. स्वतःच्या नवऱ्याचं मरण लपवलंत, अन् वर माझ्या भाकरीला नावं ठेवत हिंडलात?"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू द्या!"

सरुबाईंना वेगळीच काळजी होती. सुनीलच्या धाकट्या भावाला, किशोरलाही वर्षापूर्वी शुगर निघाली होती आणि त्याचं लग्न ओझरच्या मोहिनीशी ठरत आलं होतं. "साखरपुडा होईपर्यंत तोंड उघडू नकोस," त्या म्हणाल्या.

म्हणजे आणखी एक पोरगी अंधारात ठेवून आणायची, आणि पुढे तिच्याही हातांना दोष द्यायचा. मीनाच्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी ती किशोरला घेऊन तपासणीला गेली. त्याच्या लघवीतून प्रथिनं जाऊ लागली होती, पण सुरुवात होती. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या.

परतताना रिक्षात मीना म्हणाली, "भाऊजी, मोहिनीला तुम्ही सांगता की मी सांगू?"

"लग्न मोडेल, वहिनी."

"मोडू दे. फसवून जुळवण्यापेक्षा बरं."

किशोर स्वतः ओझरला जाऊन सांगून आला. आठवड्याभरात तिकडून नकार आला. सरुबाईंनी डोकं आपटून घेतलं. किशोरही पुष्कळ दिवस मीनाशी बोलला नाही. गोळ्या मात्र न चुकता घेत राहिला.

सुनील तीन वर्षं डायलिसिसवर जगला. तो गेल्यानंतर किशोरचं लग्न झालं, सगळं उघड सांगून, एका शिक्षिकेशी. त्याच्या किडन्या अजून शाबूत आहेत.

मीनानं सरुबाईंना टाकलं नाही. त्यांचं ताट वेळेवर वाढते, दवाखान्यात नेते. पण त्या व्हरांड्यातल्या दुपारनंतर तिनं त्यांना 'आई' म्हणून हाक मारलेली नाही. आणि मारायची तिची तयारीही नाही.