अर्ध्या जागेतला मावसभाऊ

सोमवारी सकाळी मगदूमांच्या उजव्या भुवईवर माझा व्रण उगवला. माझा माझ्या भुवईवर होताच. लहानपणी विहिरीच्या रहाटावर आपटून झालेला, टोकाशी थोडा वाकडा. त्यांचाही टोकाशी वाकडा होता.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही. खाजतंय जरा," ते म्हणाले आणि शिवणयंत्रात तेल घालू लागले.

सांगलीच्या पेठेत माझं चष्म्यांचं दुकान आहे, पाटीवर आरवाडे. काचा आता कापून तयार येतात, म्हणून घासायचं यंत्र मी काढून टाकलं आणि दुकानाची मागची अर्धी बाजू रिकामी झाली. मगदूम शिवणयंत्रं दुरुस्त करतात. त्यांची टपरी रस्ता रुंद करताना गेली, तेव्हा मी त्यांना म्हणालो, इथं बसा. करारात मात्र स्पष्ट आहे, की जागा भाडेकरूने आणि त्याच्या घरच्यांनीच वापरायची, पोटभाडेकरू ठेवायचा नाही. समोरच्या चपलांच्या दुकानात मालकांना पोटभाडेकरू सापडला होता. आता तिथे दुकान नाही. दोन भिंतींच्या मध्ये वीतभर फट आहे. फटीत हात घातला, की आतल्या पंख्याचा वारा लागतो.

दोन्ही बाजूंचे मालक एकच, शेडबाळे आण्णा. ते एक तारखेला येतात. भाडेकरूने स्वतःच्या हाताने बशीत चहा ओतून त्यांना द्यायचा, ही माझ्या वडिलांपासूनची रीत. मागच्या खेपेला बशी घेताना त्यांनी आत पाहिलं.

"हे कोण?"

"मावसभाऊ. शिरोळचा."

"मग घरातलेच की. बसू देत."

मगदूम जतचे आहेत. माझ्या आईला बहीण नाही.

व्रणानंतर नाक आलं, मग दोन्ही कान. गुरुवारी घरून दोन डबे आले. मी आईला फोन केला.

"दुसरा डबा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? महादूचा, तुझ्या मावसभावाचा. त्याला कारल्यात गूळ लागतो, तुझ्यासारखं नाही."

"आई, तुला बहीण कुठं आहे?"

"होती रे," ती म्हणाली. "शिरोळला दिलेली." आणि रडू लागली.

मी मगदूमांना दुसरी जागा बघायला सांगितलं.

"बघतो की. पण मावसभाऊ कुठं गेला म्हणून आण्णा विचारतील, तेव्हा काय सांगणार?" ते माझ्या आवाजात बोलत होते. "आणि मी कुठं मागितलं होतं हे? काल बायकोनं दार उघडलं नाही. आरवाडे, चष्मा उद्या आणून द्या, म्हणाली."

त्या दिवसापासून ते दुकानातच झोपतात. मी आण्णांना खरं सांगायचं ठरवलं. मग समोरच्या फटीकडे पाहिलं. आतून कुणीतरी बारीक आवाजात गिऱ्हाईकाला नंबर विचारत होतं, सात की आठ.

एक तारखेला आण्णा आले तेव्हा एका आजींच्या चष्म्याची काडी सुटली होती. स्क्रू माझ्या चिमटीत होता. तो पडला असता तर सापडला नसता.

"मगदूम," मी मान वर न करता म्हणालो, "तेवढा आण्णांना चहा ओता."

त्यांनी ओतला. आण्णांनी बशी घेतली, फुंकर घातली, आवाज करत चहा संपवला.

"बरा केलायस आज, आरवाडे," आण्णा म्हणाले. मगदूमांना म्हणाले.

"आण्णा, मी इकडे आहे."

आण्णांनी बशी ठेवली आणि डोळे बारीक करून आत पाहिलं. मी पुढे काउंटरवर होतो, तरी त्यांना आत पाहावं लागलं.

"हे कोण?"

मगदूमांनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडच्या फटीकडे.

"मावसभाऊ," ते म्हणाले. "जतचा."

"मग घरातलेच की."

आजींनी चष्मा मगदूमांच्या हातातून घेतला, डोळ्यांवर चढवला, आणि नीट दिसतंय म्हणाल्या. मी भुवई चाचपली. ती सपाट होती. माझ्या पायांखाली शिवणयंत्राचं पायडल हलत होतं. सुईत दोरा नव्हता. कापडाच्या पांढऱ्या पट्टीवर भोकांची सरळ रेघ उमटत चालली होती, आणि पट्टी संपत नव्हती.