आवाज बुडतो ती दिशा

बुद्धघोषने जावयाच्या हातातलं यंत्र काढून घेतलं, आपल्या लोकरी कोटाच्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं. होडी डचमळली. वल्ही मारता मारता ज्ञानू थांबला.

"ह्या होडीत ते चालायचं न्हाय," बुद्धघोष म्हणाला. "तू चाल, ज्ञानू."

रिकामा झालेला हात जावयाने, अनुपने, गुडघ्यावर ठेवला. डाळजचा काठ आत्ताच मागे पडला होता, पण वळून पाहिलं तर तो कधी होता की नव्हता असं वाटावं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर थंडीतलं धुकं असं बसलं होतं की ज्ञानूला आपल्या वल्ह्याचं टोकसुद्धा दिसत नव्हतं.

पलीकडे, करमाळ्याच्या अंगाला, बुद्धघोषची थोरली बहीण रंगूबाई राहायची. आदल्या संध्याकाळी गावातल्या टेलिफोन बूथवर निरोप आला होता, की आक्काला धाप लागलीय, माणूस ओळखतीय तोवर येऊन जा. सडकेने जायचं तर धरणाला मोठा वळसा, एसट्या बदलता बदलता दुपार झाली असती. म्हणून होडी. धुकं उठू दे, असं ज्ञानू सकाळपासून सांगत होता. बुद्धघोषने त्याला अशा काही शब्दांत फैलावर घेतलं, की तो मुकाट्याने दोर सोडायला गेला. जावई म्हणाला, मीही येतो. त्याला नको म्हणायला बुद्धघोषला कारण सापडलं नाही, एवढंच.

अनुप बारामतीचा. जहाजावर अधिकारी होता. लग्नानंतर पहिल्यांदाच पायलला घेऊन सासरवाडीला आला होता. येताना त्याने सिंगापूरहून घेतलेलं ते मुठीएवढं यंत्र आणलं होतं. उपग्रहांकडून खुणा घेऊन आपण पृथ्वीवर कुठं उभे आहोत ते सांगणारं. त्याने ते कौतुकाने सासऱ्यासमोर धरलं आणि सासरा ताटावरून उठून गेला. का, ते पायलने त्याला नंतर सांगितलं.

बुद्धघोषची सगळी नोकरी कोकणातल्या एका टेकडीवर झाली होती. तिथे बिनतारी संदेशाचं केंद्र होतं. उंच खांबावरून रात्रंदिवस केंद्राच्या खुणेची दोनच अक्षरं समुद्रावर जायची. धुक्यापावसात काही दिसेनासं झालं की जहाजावरचा माणूस आपल्या यंत्राचं कडं फिरवायचा, आवाज कुठं मंदावतो ते ऐकायचा, आणि किनारा कोणत्या अंगाला आहे ते त्याला कळायचं. वादळात खांबाच्या तारा तुटल्या तेव्हा बुद्धघोष पावसात वर चढला होता. आईला अखेरचं पाहायचं राहून गेलं, ते ती दोन अक्षरं बंद पडू नयेत म्हणून. मग एक दिवस हुकूम आला. आता जहाजांकडे उपग्रह आहेत, केंद्राची गरज उरली नाही. खटका खाली ओढायचं कामही त्याच्याच वाट्याला आलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो वायरलेसपाशी बसून होता. एखादं जहाज तरी विचारील, तुमची खूण का थांबली? एकानेही विचारलं नाही.

तो गावी परत आला तो हा संताप घेऊनच. घराघरांवरच्या टीव्हीच्या तबकड्यांवर चिडायचा, पोस्टमनवर चिडायचा, भाजीत मीठ जास्त झालं तर बायकोवर, कौसल्येवर, नाही, पण मिठाच्या पुडीवर चिडायचा. कौसल्या म्हणायची, ह्यांचं केंद्र बंद झालं, पण हे अजून चालूच आहेत.

आता त्याने मांडीवर ट्रान्झिस्टर आडवा धरला होता. पुणे केंद्रावर शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम चालला होता. ट्रान्झिस्टर फिरवत नेला की एका जागी त्यातल्या माणसाचा आवाज विहिरीत उतरल्यासारखा बुडायचा. बुडाला की ट्रान्झिस्टरचं टोक बरोबर पुण्याकडे. पुणं डाव्या हाताला ठेवून सरळ गेलं की आक्काचं गाव. होडीने तोंड फिरवलं की आवाज वर यायचा आणि बुद्धघोष ज्ञानूला नुसता हात करून दिशा द्यायचा.

मग बुद्धघोषनेच विचारलं. विचारायचं नव्हतं, पण ते आतून वर आलंच.

"आमचं केंद्र बंद झालं तवा तुमी जहाजावर व्हता. तुमच्यात कुणाला कळलं का?"

अनुपने पाण्याकडे पाहिलं. एखादं बरं उत्तर त्याला सुचलं असणार. ते त्याने दिलं नाही.

"नाही, मामा. कडं फिरवायचं ते यंत्र आमच्याकडं होतं, पण आम्ही ते लावायचोच नाही. त्याच्यावर टोप्या ठेवायचो."

बुद्धघोषचं तोंड तापलं. या पोराला त्याचं यंत्र गळ्यात बांधून पाण्यात ढकलावं, असं त्याला क्षणभर खरोखरच वाटलं. ट्रान्झिस्टरचा आवाज वर आला, पण ज्ञानूला हात करायचं त्याला सुचलं नाही. टोप्या. त्याची सगळी उमर, आणि तिच्यावर टोप्या.

तेवढ्यात उजवीकडून, लांबून, कुणीतरी हाक दिली.

ज्ञानूने वल्ही उचलून धरली. "कुनीतरी चुकलंय, आबा."

"असल्या धुक्यात मरायला निघत्यात कशाला?" बुद्धघोष म्हणाला. "धुकं उठलं की लागंल काठाला. तू चाल. तितं आक्का वाट बघतीय."

ज्ञानूने नाखुशीने वल्ही टाकली. पुन्हा हाक आली, या वेळी आणखी लांबून. शब्द कळत नव्हते. ती मागे येत नव्हती, भलतीकडेच चालली होती. अनुप अर्धवट उठला आणि सासऱ्याकडे पाहून परत बसला.

बुद्धघोषचा हात ट्रान्झिस्टरवर तसाच होता. आवाज बुडालेला असेल तरच त्याला वाट कळणार होती. त्या माणसाला ऐकू जायचं तर आवाज वर आणावा लागणार, होडी थांबवावी लागणार. थांबली की ती पाण्याबरोबर सरकत जाणार, आणि आपण कुठवर आलो होतो ते ट्रान्झिस्टर सांगू शकत नाही. तो दिशा देतो, जागा देत नाही. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"थांब," तो ज्ञानूला म्हणाला.

त्याने खिशाचं बटण काढलं आणि यंत्र जावयाच्या पुढ्यात धरलं. चेहऱ्यावर राग तसाच होता.

"माघारी जायची वाट हाय का ह्याच्यात?"

"आहे. निघतानाच डाळजचा काठ नोंदवून ठेवलाय."

"मग धरा. आता वाट तुमी सांगायची."

तो होडीत उभा राहिला. ट्रान्झिस्टर त्याने फिरवला, आवाज पूर्ण मोठा केला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. उसाच्या खोडकिडीवर कोणती फवारणी करावी, ते पुण्यातला माणूस धुक्याला खणखणीत सांगू लागला. ज्ञानूने साद घातली. मग सगळ्यांनी कान दिले. पुन्हा साद. बुद्धघोषचे खांदे भरून आले, तरी त्याने हात खाली घेतले नाहीत. अनुपने ट्रान्झिस्टर घ्यायला हात पुढे केला, तर त्याने मान हलवली.

हाक जवळ आली. मग वल्ह्यांचा आवाज आला, आणि मग धुक्यातून एका होडीचं नाक.

वल्ही मारत होता रंगूबाईचा मुलगा झुंबर. त्याच्या पायांशी, वाकळेत गुंडाळलेली, रंगूबाई होती.

पहाटे तिचा श्वास फारच अडायला लागला, तेव्हा डाळजच्या अंगाला असलेल्या भिगवणच्या दवाखान्यात न्यावं म्हणून तो निघाला होता. धुक्यात वाट चुकली. आपण गोल गोल फिरतोय हे कळत होतं, पण काठ कुठला ते कळत नव्हतं. मग उसाचं बोलणं कानावर आलं आणि त्याला वाटलं, वस्ती जवळ आली. हे सगळं त्याने मामाला एका दमात सांगितलं. वल्ही धरून त्याचे तळवे सोलले होते.

चालू ट्रान्झिस्टर काखेत धरून बुद्धघोष त्या होडीत उतरला. बहिणीजवळ बसून त्याने तिचा हात हातात घेतला. तो गार होता, पण तिने बोटं आवळली. ओठ हलले, म्हणून तो खाली वाकला.

"ते बंद कर," रंगूबाई म्हणाली. "डोस्कं उठलं."

त्याने ट्रान्झिस्टर बंद केला. ज्ञानूने दोन्ही होड्या दोराने जोडल्या आणि आपली होडी पुढे काढली. झुंबरला बाजूला बसवून बुद्धघोषने त्याच्या हातातली वल्ही घेतली. पुढच्या होडीत अनुप यंत्रावर मान घालून बसला होता. डाळजचा काठ किती राहिला ते मधूनमधून सांगत होता, आणि दर खेपेला ते अंतर कमी होत होतं.

रंगूबाईने डोळे उघडले. लग्नाला ती आजारपणामुळे आली नव्हती.

"त्यो कोन?"

"आपल्या पायलचा मालक. जावई."

"तितं म्होरं बसून काय करतुय?"

बुद्धघोषने एक वल्हं सोडून तिच्या खांद्यावरून घसरलेली वाकळ वर ओढली.

"वाट दावतोय, आक्का. तू बोलू नगंस."

"थोडं डावीकडं," पुढून अनुप म्हणाला.

बुद्धघोषने होडी डावीकडे घेतली.