पाक गियोचा उपास आणि माझी टाकी

मी सात नंबर बोलतोय. जरा लांब उभे राहून ऐका, कारण बोलायला लागलो की माझ्या कुठून वाफ सुटेल याचा मलाच भरवसा नसतो. वय झालंय हो. शंभरी उलटून गेली.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला, पण त्या देशाबद्दल मला काही विचारू नका. रंग वाळायच्या आत मला सुटं करून खोक्यांत भरलं आणि बोटीवर चढवलं. पुन्हा जोडलं ते थेट इथे, पूर्व जावातल्या सुंबरलेगी साखर कारखान्याच्या आवारात. पाहतो तर पुढे ऊस, मागे ऊस. पहिला घास मिळाला तोही उसाच्या चिपाडांचा. कोळसा म्हणे फार चविष्ट असतो. मी तो आयुष्यात चाखलेला नाही. चिपाडं भुर्रकन जळून जातात, म्हणून फायरमनला मला सारखं भरवत बसावं लागतं, आणि धुराड्यातून ठिणग्या उडतात त्या वेगळ्याच. या ठिणग्यांनी मी दोनदा शेतातलं पाचट पेटवलं आणि एकदा एका साहेबाची टोपी. पाचटाचं मला वाईट वाटतं.

माझ्यावर बरेच ड्रायव्हर होऊन गेले, पण माझी म्हणावीत अशी माणसं दोनच. ड्रायव्हर पाक पार्मिन आणि फायरमन पाक गियो. इकडे बाप्याला पाक म्हणतात आणि बाईला बू. मी मात्र या दोघांना अरेतुरेच करणार, कारण ते माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहेत. सव्वीस हंगाम दोघं माझ्यावर उभे होते आणि सव्वीसही हंगाम एकाच गोष्टीवरून भांडत होते. एकदा रुळावर म्हैस आडवी आली होती, तेव्हा शिट्टी कुणी वाजवायची होती, ही ती गोष्ट. म्हशीला काही झालं नाही, ती उठून घरी गेली. मी तेवढा रुळावरून उतरून चिखलात आडवा झालो.

मग ट्रक आले. शेतातले रूळ उखडले आणि मला शेडमागे फणसाच्या झाडाखाली नेऊन ठेवलं. चौदा वर्षं. शेजारीच बू वार्तिनीची खानावळ. ती माझ्या धुराड्याला दोरी बांधून धुणं वाळत घालायची. माझ्या पोटात कोंबड्यांनी संसार थाटले. आजीपासून नातीपर्यंत सगळ्या तिथेच उबवल्या गेल्या, आणि कुणी मला कधी विचारलं नाही. पण खोटं कशाला बोलू, पोटात काहीतरी ऊबदार आहे हे मला बरं वाटायचं.

दोनेक वर्षांपूर्वी नवे मॅनेजर आले, पाक हेंदार्तो. माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्ट दर्शनी भागात लागते. त्यांनी ठरवलं की मला फाटकापाशी चौथऱ्यावर बसवायचं. लाल रंग द्यायचा, हलू नये म्हणून पोटात सिमेंट ओतायचं आणि धुराड्यावर पत्र्याचा धूर कापून लावायचा. पत्र्याचा धूर! त्याला वरून पांढरा रंग. ऐकून माझे उरलेसुरले रिव्हेट ढिले झाले.

ही बातमी पार्मिनपर्यंत गेली. तो चौऱ्याहत्तर वर्षांचा, डोळ्यात मोतीबिंदू, पण तसाच तरातरा मॅनेजरांच्या खोलीत शिरला आणि म्हणाला की ते इंजिन मेलेलं नाही, झोपलंय. शेवटी असं ठरलं की उसाच्या लग्नाच्या दिवशी मी स्वतःच्या चाकांनी नवरानवरीला शेडपासून फाटकापर्यंत नेलं तर मी जिवंत इंजिन म्हणून राहणार. नाही नेलं, तर सिमेंट.

उसाचं लग्न म्हणजे गाळप सुरू होण्याआधीचा आमचा सगळ्यात मोठा सोहळा. एका शेतातला उत्तम ऊस नवरा, दुसऱ्या शेतातला नवरी. दोघांना वस्त्रं नेसवतात, फुलं माळतात, नावं देतात आणि रीतसर लग्न लावतात. दोघांनाही विचारतात, पसंत आहे का. ऊस काही बोलत नाहीत, तो होकार समजायचा. मग वाजतगाजत नेऊन जोडप्याला सगळ्यात आधी चरकात घालतात. लग्न झाल्यावर माणूस पिळून निघतो असं बरेच जण म्हणतात, पण इतक्या लगेच कुणी निघत नसेल.

सात महिने दोघा म्हाताऱ्यांनी माझ्यावर जीव ओतला. कोंबड्या हाकलल्या, गंज खरवडला, बॉयलरच्या नळ्या बदलल्या. पार्मिन माझ्या अंगाला कान लावून हातोडी मारायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा की इथे दुखतंय. बॉयलर तपासणारा माणूस येऊन पास करून गेला. पाक हेंदार्तो तर इतके खूश झाले की त्यांनी माझ्यासाठी पितळेची पाटी करून आणली. जगद पर्कासा, म्हणजे जगात बलाढ्य. मी फुगलो. बू वार्तिनीने मात्र पाटी वाचली आणि कपाळाला हात लावला. नाव जड झालं की पोर आजारी पडतं, हे इथे शेंबडं पोरही जाणतं. तिच्या थोरल्याचं नाव असंच एका राजाचं ठेवलं होतं, तो पाच वर्षं अंथरुणाला खिळून होता. नाव बदलून साधं बेजो केलं, तर आता तिघांचं जेवतो.

आणि झालंही तसंच, मी आजारी पडलो, पण कारण वेगळं होतं. ते आधी फक्त मला ठाऊक होतं, गियोला मागाहून उमगलं.

लग्नाला नऊ दिवस होते. गियो माझ्या पाण्याच्या टाकीत वाकून गंज बघत होता. त्याला शिंक आली. जोरदार. आणि त्याची कवळी, वरची आणि खालची दोन्ही, डुबुक करून टाकीत. त्याने हात घातला, पोहोचला नाही. इकडेतिकडे बघितलं, तोंड गच्च मिटलं आणि झाकण लावून टाकलं. पार्मिनने आयुष्यभर त्याची टर उडवली होती. आता बोळकं तोंड दाखवलं असतं तर म्हैस परवडली असती.

दुपारी बू वार्तिनीने तळलेल्या तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या कुरकुरीत कापांची, बशी पुढे केली. गियोचं तेंपेवर किती प्रेम ते सगळ्या गावाला माहीत. त्याने मान हलवली आणि मऊ पांढऱ्या भाताकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिखट नाही, मीठ नाही, कुणाशी चकार शब्द नाही. तिसऱ्या दिवशी बू वार्तिनीच्या हातातला झारा खाली आला. ती भर खानावळीत सगळ्यांना म्हणाली, "अहो, काका पांढरा उपास करतायत. आणि मौनसुद्धा. आपल्या इंजिनासाठी."

संपलं. काही मोठं मागणं असलं की आमच्याकडे लोक पांढरा उपास धरतात, नुसता भात आणि पाणी. मौन म्हणजे तर त्याच्याही वरची पायरी. कुणाला शंका आली नाही. चौथ्या दिवशी एक बाई परीक्षेला बसलेल्या मुलीला घेऊन आली, गियोने तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाचव्या दिवशी एकजण अडलेली गाय घेऊन आला आणि गाय तिथल्या तिथे व्याली. सहाव्या दिवशी पाक हेंदार्तो स्वतः येऊन वाकले. खरं सांगू का, गियोला हे सगळं आवडायला लागलं होतं. माझ्या चाकापाशी लोक फुलं आणि कडक गोड कॉफी ठेवायचे. कॉफी गियो हळूच पिऊन टाकायचा आणि लोक म्हणायचे, बघा, इंजिनाने स्वीकारली.

इकडे माझे हाल. वाफ धरायची, आणि बॉयलरमध्ये पाणी ओढायला पार्मिनने इंजेक्टर उघडला की टाकीतली कवळी वाहत येऊन नळीच्या तोंडावर घट्ट बसायची. पाणी बंद. बॉयलरमधलं पाणी उतरत गेलं तर स्फोट होईल, म्हणून जाळ विझवावा लागायचा. मग पार्मिन नळी खोलून बघायचा तर ती स्वच्छ, कारण ओढ थांबली की कवळी सुटून कोपऱ्यातल्या गंजाच्या चिखलात जायची. टाकीतही तो डोकावला, पण त्या डोळ्यांना लाल पाण्यात काय दिसणार? तीन चाचण्या, तिन्ही फसल्या. मी आतून ओरडत होतो की दात आहेत रे, दात. बाहेर नुसतं फुस्स ऐकू यायचं.

तिसऱ्या चाचणीनंतर गियोच्या डोक्यात उजेड पडला. तो टाकीपाशी बराच वेळ उभा राहिला. तेवढ्यात दोन बायका पाया पडायला आल्या आणि गडी पुन्हा खानावळीच्या ओट्यावर जाऊन बसला. त्या दिवशी मला त्याचा खरंच राग आला.

लग्नाचा दिवस उजाडला. वाद्यं लागली. नवरानवरी नटूनथटून माझ्यामागच्या वाघिणीत उभी. फाटकापाशी सिमेंटची पोती आणि पांढरा रंगवलेला पत्र्याचा धूर मला इथून स्पष्ट दिसत होता. वाफ चढली. पार्मिनने इंजेक्टर उघडला, आणि पुन्हा तेच. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी खाली, खाली. मी अडलोच तर नवरानवरीला न्यायला ट्रक उभा होता, पाक हेंदार्तोंनी हळूच त्याला खूण केली.

पार्मिन माझ्या पायरीवर मटकन बसला. मी त्याला म्हैस आडवी आली तेव्हाही असं बसलेलं पाहिलं नव्हतं. तो गियोचा हात धरून म्हणाला, "तू नऊ दिवस उपाशी राहिलास, गियो. तू कुठे कमी पडला नाहीस. माझ्याच हातांत आता काही राहिलं नाही रे." आणि तो रडायला लागला, सगळ्यांसमोर.

गियो आधी त्याच्याकडे बघत राहिला. मग त्या गर्दीकडे, त्या मुलीकडे, त्या गायवाल्याकडे. आणि नऊ दिवसांनी त्याने तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता.

"दादा, उपास नव्हता तो. माझी कवळी टाकीत पडलीय. तुझ्या हातांना काही झालेलं नाही." मग, एकदा तोंड उघडलंच आहे तर, म्हणून की काय, तो पुढे म्हणाला, "आणि त्या म्हशीच्या वेळी शिट्टी मीच वाजवायची होती."

वाद्यं थांबली. मग बू वार्तिनी तिचा लांब दांड्याचा झारा घेऊन माझ्यावर चढली, टाकीत खोल ढवळलं आणि भजी काढावीत तशी कवळी वर काढली. पहिली ती हसली. मग पाक हेंदार्तो. मग सगळं आवार. गायवाला तेवढा विचारात पडला होता की व्यालेल्या गाईचं आता काय करायचं.

पार्मिनने डोळे पुसले आणि इंजेक्टर उघडला. पाणी आलं. इतकं गार, इतकं भरभरून, की मला चौदा वर्षांची तहान आठवली. गियोने तसंच बोळक्या तोंडाने चिपाडं कोंबली आणि शिट्टी ओढली. आवारात एकही म्हैस नव्हती, तरी फाटकापर्यंत त्याने ती सोडली नाही. नवरानवरी वेळेवर चरकात गेली. सुखाचा संसार झाला, गोड झाला.

या गोष्टीला वर्ष होत आलं. ती पितळेची पाटी पाक हेंदार्तोंनी स्वतःच्या हाताने काढली. तिच्या जागी बू वार्तिनीने रंगाने नवं नाव लिहिलं, ओम्पोंग, म्हणजे बोळक्या. हलकं नाव, तब्येत उत्तम. पत्र्याचा धूर तिच्या खुराड्यावर छप्पर म्हणून बसलाय, आणि माझ्या जुन्या भाडेकरणींच्या नाती त्याखाली अंडी घालतात. दर रविवारी मी माणसांना फाटकापर्यंत नेऊन आणतो. गियो आणि पार्मिन अजून भांडतात, म्हशीवरूनच. पण आता पार्मिन म्हणतो की शिट्टी त्याने वाजवायची होती, आणि गियो म्हणतो, नाही, माझीच चूक होती. मला दोघांचं म्हणणं पटतं आणि भांडण मिटावं असं अजिबात वाटत नाही.

तुम्हीही या कधीतरी. बसा, फिरा, शिट्टी ओढा, कॉफी माझ्या चाकापाशी ठेवा, ती कोण पितं ते विचारू नका. एवढंच मागणं आहे या बोळक्याचं, की टाकीत डोकावलात आणि शिंक आली, तर आधी तोंडावर हात धरा. आणि तरीही काही पडलंच आत, तर गप्प बसू नका. लगेच सांगा. इथे कुणी हसणार नाही असं मी म्हणत नाही. हसतील. पोट धरून हसतील. पण झारा तयार आहे.