मामाचा लाल ठिपका

चारला दादाची चौकशी होती आणि अडीचला मी नाक मुठीत धरून मामाच्या दुकानाची पायरी चढले. तीन वर्षं त्या पायरीकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

कारखान्यातल्या आगीचं खापर दादावर फुटलं होतं. म्हणे, गॅसचा व्हॉल्व्ह त्यानं उघडा टाकला. त्या दिवशी नव्या भट्टीचं काम त्याच्या एका सहकाऱ्यानं हौसेनं कॅमेऱ्यावर घेतलं होतं. कॅमेरा नंतर पडून फुटला, पण आतली हार्ड डिस्क शाबूत दिसत होती. बिस्किटाएवढी डिस्क, आणि तिला नेहमीच्या सॉकेटऐवजी कागदासारखी पातळ पट्टी. तिचा अडॅप्टर मामाकडे असणार हे मला ठाऊक होतं, पण त्याच्याकडे जायचं नव्हतं, म्हणून आधी पाच दुकानं पालथी घातली. कुठेच नव्हता.

बंद पडलेल्या डिस्कमधून फाइली काढायचं हे काम मला मामानंच त्याच्या दुकानात शिकवलं. अशीच एक डिस्क माझ्या हातून जळाली होती. एका बाईंच्या गेलेल्या मुलाचे फोटो होते तिच्यात. मामा त्यांच्यासमोरच म्हणाला होता, "भाचीनं पट्टी उलटी लावली." मी त्याच दिवशी बाहेर पडले.

"दादासाठी आलेय," मी उंबऱ्यातूनच सांगितलं.

मामानं डबा उघडला. तोच हिरवा अडॅप्टर. एका टोकाला नेलपॉलिशचा लाल ठिपका: पहिली पिन इकडे.

"ठिपका बघ आणि लाव. या वेळी नीट."

या वेळी नीट! माझं डोकंच फिरलं. पण पट्टी उलटी बसली तर वीज भलत्या पिनेत जाते आणि डिस्क जागीच संपते. दुसरी संधी नाही. दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजणारा मीटर मी उचलला.

"माझ्या ठिपक्यावर मीटर लावतेस?"

"लावते."

फोटोंची डिस्क जळाली त्या दिवशी लावला नव्हता. मामाच्या ठिपक्यावर शंका घ्यायची माझी तेव्हा छातीच नव्हती. आता मीटरचं एक टोक अडॅप्टरच्या विजेच्या तारेवर ठेवलं, दुसरं ठिपक्याजवळ. मीटर गप्प. पलीकडच्या टोकाला नेलं आणि तो वाजला. म्हणजे ठिपकाच चुकीच्या टोकाला होता.

पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. पट्टी ठिपक्याच्या उलट बसवली, श्वास रोखला आणि बटण दाबलं.

डिस्क बारीक गुणगुणली. पडद्यावर फाइली आल्या. तिसऱ्या चित्रफितीत दादा दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह घट्ट बंद करत होता, आणि कोपऱ्यात आगीच्या जरा आधीची वेळही दिसत होती. माझ्या जिवात जीव आला. दादा बाहेर रिक्षातच बसला होता. कॉपी त्याच्या हातात देऊन त्याला पिटाळलं. सव्वातीन झाले होते.

परत आले तर मामा स्वतःच ठिपक्यावर मीटर लावून बसला होता.

"जुन्या अडॅप्टरवर बघून याला ठिपका लावला होता, याच्या पिना उलट्या आहेत हे तपासलंच नाही," तो म्हणाला. "त्या बाईंच्या डिस्कलाही हाच अडॅप्टर होता का?"

"हाच."

मला वाटलं होतं, हा दिवस आला की मी त्याला चांगलं सुनावेन. पण मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले.

मामानं खणातली जुनी वही काढली, बोटानं नाव शोधलं आणि फोन लावला.

"बाई, तुमच्या मुलाच्या फोटोंची डिस्क जळाली होती ना..." त्यानं वही मिटली. "ती चूक माझी होती. माझ्या भाचीची नव्हती."