समोर कुणाला तरी बसवून बघा

खेळ नामंजूर झाला, आणि कशासाठी, तर टॅब उलटा धरला की चित्रही उलटं दिसतं म्हणून. आता सांगा, कुठला शहाणा माणूस टॅब उलटा धरतो? बाबाच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की समोरचा चहा निवून गेला तरी त्याला पत्ता नाही.

त्याला बाबा म्हणणारी जगात एकटी त्याची लेक मुंगी, आणि ती राहायची आईकडे, दुसऱ्या शहरात. नवरा-बायकोचं फाटलं तेव्हा ती बोबडं बोलत होती. आता तिसरीत होती. आईच्या घरात आता एक काका होते. माणूस चांगला होता, हीच तर बाबाची पंचाईत. शिव्या द्यायलासुद्धा जागा ठेवली नव्हती त्याने.

बाबा एका खोलीत बसून एकटाच खेळ बनवायचा. मुंगीला कबूल केलेलं बरंच काही आजवर ‘लवकरच’वर लटकलं होतं, सायकल झाली, सहल झाली. या वेळी मात्र त्याने छातीठोक सांगितलं होतं, की शाळेला सुट्टी लागायच्या आत तुझा मांजरांचा खेळ ॲप स्टोअरवर येणार. आणि त्या बयेने वर्गभर दवंडी पिटली होती. तिचा टॅब शाळेचा. स्टोअरने मंजूर केल्याशिवाय त्यात काही घालता यायचं नाही. म्हणजे हे हुकलं, की मुंगी वर्गात खोटी आणि बाबा कायमचा थापाड्या.

खेळ दोघांचा होता. मधे नदी, अलीकडे एकाची मांजरं, पलीकडे दुसऱ्याची. आपला डाव झाला की टॅब समोरच्याच्या हातात द्यायचा.

बाबाने स्टोअरच्या तपासनिसाला खरमरीत लिहून टाकलं. टॅब आडवा, कॅमेरा डाव्या हाताला, असं पहिल्याच पानावर काढून दाखवलंय. ते न बघता कुणी उलटा धरला तर मी काय करू? लिहून मोकळा झाला आणि त्याला जरा बरंही वाटलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तपासनीस बाई की बुवा, देव जाणे. पण लिहिलं होतं शांतपणे. ‘दोघं समोरासमोर बसले, की टॅब देताना तो आपोआप उलटा होतो. देणाऱ्याची खालची कड घेणाऱ्याची वरची होते. एकदा समोर कुणाला तरी बसवून बघा.’

बाबाने ते पुन्हा वाचलं. कितीतरी महिने तो हा खेळ खेळून बघत होता, पण अलीकडच्या मांजरांचा डावही त्याचा आणि पलीकडच्यांचाही त्याचाच, एकाच खुर्चीत बसून. टॅब कुणाच्या हातात द्यायची वेळच आली नव्हती. म्हणून तर टॅब कुठल्या कुठल्या दिशेने धरला तरी चित्र सुलट राहावं, हे निवडताना त्याने एकाच दिशेवर खूण केली आणि बाकीच्या सोडून दिल्या. दोघांचा खेळ करायला बसला आणि दुसरा माणूसच विसरला की हो! त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग फार एकटं वाटलं.

बसवायचं तरी कुणाला? वरच्या मजल्यावरचे पेन्शनर जिन्यात भेटले की ‘काय, ठीक?’ म्हणायचे. बाबा त्यांच्या दारापर्यंत गेलाही. आतून ताटवाट्यांचा आणि हसण्याचा आवाज आला, तसा तो बेल न वाजवताच खाली आला.

बरं, उलट्या दिशेवर नुसती खूण करून भागतंय थोडंच. टॅब फिरवला की चित्र आता सुलट व्हायचं, पण बोट या मांजराला लावावं तर उडी पलीकडचं मारायचं. ते निस्तरण्यात दोन दिवस गेले. मग त्याने दुसऱ्या खुर्चीवरचे धुतलेले कपडे पलंगावर टाकले आणि खुर्ची टेबलाच्या पलीकडे मांडली. इकडे बसून डाव खेळायचा, टॅब ठेवायचा, वळसा घालून तिकडे बसायचं, पलीकडची कड धरून टॅब उचलायचा. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, याचं डोकं फिरलंय. तिकडे बसलं की समोर आपलीच खुर्ची रिकामी दिसायची. दुपारभर हे चाललं, शेवटी पाय दुखायला लागले.

खेळ पुन्हा पाठवला, आणि मंजुरी आली ती शाळेच्या शेवटच्या दिवशी सकाळी. संध्याकाळी मुंगीचा फोन.

“बाबा, आला! वर्गात सगळ्यांनी घेतला. बाईंनी पण बघितला.”

“आवडला का तुला?”

“खूप. मी आणि काका कधीचे खेळतोय. काका समोर बसलेत. त्यांना दिला की त्यांच्याकडे सुलट होतो. काका म्हणाले, तुझ्या बाबाने किती विचार केलाय बघ.”

ज्या बाजूसाठी बाबाने एवढा आटापिटा केला, तिथे काका बसले होते. कुणीतरी बसायलाच हवं होतं, हे कळत होतं. तरी त्याची नजर टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीवर गेली.

“बाबा, तू कुणाबरोबर खेळून बघितलास?”

“आहे एक मित्र.”

“चांगला खेळतो?”

“माझ्यापेक्षा बरा.”

“बरं झालं,” मुंगी म्हणाली. “मला वाटायचं, तू एकटाच असतोस. थांब हं, काका टॅब देतायत. माझा डाव आला.”

आणि तिने फोन ठेवला.