उजव्या बांबूचा माणूस

नागपूरच्या यजमान क्लबाकडून चाळीस पास आले आणि न्याय या विषयाला नाचणगावात एकाएकी मागणी आली.

गेल्या हंगामात त्या मैदानावर दोन्हीकडच्या प्रेक्षकांनी एकमेकांवर खुर्च्या फेकल्या होत्या. म्हणून यंदा पोलिसांची अट अशी की पाहुण्या संघाचे चाळीसच समर्थक आत सोडायचे, प्रत्येक पासावर नाव लिहायचे आणि गेटवर ओळखपत्र पाहायचे. शेजारच्या पुलगावचा 'यंग पुलगाव' हा फुटबॉल संघ एकोणीस वर्षांनी उपांत्य फेरीत पोचला होता आणि समर्थक मंडळातून जाऊ इच्छिणारे त्रेसष्ट होते.

अण्णाजी येळणे यांनी एकतीस वर्षे महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवले होते. न्याय्य वाटपाचे प्रकरण दरवर्षी जानेवारीत येई, दुपारच्या जेवणानंतरच्या तासाला, आणि विद्यार्थी ते मिटल्या डोळ्यांनी ऐकत. निवृत्तीनंतर आठ वर्षांनी साठ-बासष्ट जागी माणसे वाचनालयाच्या सतरंजीवर बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. अण्णाजींना बरे वाटले नाही असे म्हणणे खोटे होईल.

"दहा पास कमिटीचे," मंडळाचा अध्यक्ष सचिन भोयर म्हणाला. त्याचे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान होते आणि मंडळ परगावच्या सामन्यांना त्याच्याच टेम्पोतून जात असे. "बाकी तीसच्या चिठ्ठ्या टाकू. झालं."

"कमिटीचे काऊन?" मागून आवाज आला.

"टेम्पो कोणाचा हाये बे?"

"मंग टेम्पोच्या नावानं एक पास घे ना भाऊ!"

हशा ओसरल्यावर अण्णाजी उभे राहिले. पास हे बक्षीसही नाही आणि खैरातही नाही, ते म्हणाले. जो संघामागे परगावी गेला, त्याचा त्यावर पहिला हक्क. गेल्या तीन हंगामांत परगावचे सामने तेरा झाले. हजेरीला एक गुण. वरचे चाळीस जातील. पदाधिकाऱ्यांना राखीव जागा नाही. आपला पास दुसऱ्याला देता येणार नाही. कोणी गळाला तर यादीतला पुढचा जाईल. नियम बदलायचा तर सात दिवसांची सूचना द्यावी लागेल.

तत्त्व सर्वांना पटले, कारण प्रत्येकाला आपण सगळीकडे गेलो होतो असे वाटत होते. आर्वीच्या सामन्याला कोण कोण होते असे विचारताच इतके हात वर झाले की तो एक टेम्पो त्या दिवशी त्रेपन्न माणसे घेऊन धावला असावा. तेव्हा माणसांच्या आठवणीवर विसंबण्यात अर्थ नव्हता. पुरावा हवा होता, आणि पुरावा मंडळाच्या एका जुन्या रिवाजाने आयताच जमवून ठेवला होता. परगावच्या प्रत्येक मैदानावर, सामना सुरू होण्यापूर्वी, मंडळ आपला बारा फुटी बॅनर ताणून त्याच्यासमोर फोटो काढत असे. तेरा सामने, तेरा फोटो. फोटोत दिसेल तो हजर.

"पण सर, फोटो तर मी काढतो," सचिव रजत म्हणाला. "मी एकाही फोटोत नाही."

हरकत रास्त होती. अण्णाजींनी तिथल्या तिथे कलम जोडले: छायाचित्रकार उपस्थित समजावा. आणखी कोणाची अडचण आहे का, असेही त्यांनी खोलीला रीतसर विचारले. खोलीत जे होते त्यांची काही अडचण नव्हती.

यादी दुसऱ्या दिवशी चौकातल्या चहाच्या टपरीवर लागली. गुडघ्यांमुळे अण्णाजींचे पाच सामने चुकले होते. आठ गुणांनिशी ते चाळिसावे, म्हणजे शेवटचे, आले. एक्केचाळिसावा सचिनचा मेहुणा होता. अण्णाजींना आपल्या नियमाचे कौतुक वाटले. ज्या नियमाने अध्यक्षाचा मेहुणा बाहेर राहतो आणि नियम करणारा जेमतेम आत येतो, त्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल कोणी शंका घ्यावी?

शंका घेणारा त्याच सकाळी त्यांच्या फाटकाशी उभा होता.

"जय सेवा, अण्णाजी."

जंगलू मडावी बाजार समितीत पोती वाहत असे. पन्नाशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट लहानपणीच कडबाकुट्टीत गेलेले. सभेला तो आला नव्हता. सोयाबीनची आवक होती.

"माह्या नावापुढं शून्य हाये म्हणते. पोरीनं वाचून सांगतलं."

अण्णाजींनी आपली प्रत उघडली. त्रेसष्टावे नाव जंगलूचे होते.

"तुम्ही फोटोंमध्ये दिसत नाही, जंगलूभाऊ."

"हिंगणघाटले आपण बाजूबाजूले बसलो होतो. तुमाले गाडी लागलती. डबा म्या धरला होता तोंडापुढं."

"मला आठवतं."

"मंग?"

"आठवण पुरावा म्हणून धरलेली नाही."

हे वाक्य उच्चारताना ते किती नेमके आहे याचे अण्णाजींना क्षणभर समाधान वाटले, आणि लगेच त्याच नेमकेपणाची लाज वाटली. जंगलू मात्र रागावला नाही.

"फोटोच्या टायमाले मी बॅनर धरतो ना," तो म्हणाला. "उजवा बांबू. डाव्याले कोणी बी धरते, नाई तर जाळीले बांधते. उजव्याले मीच. मैदानावर हवा असते, कापड फुगते, म्हणून मागून अंगानं रेटा लागते. मंग फोटोत कसा दिसन मी?" मग तो म्हणाला, "तेराच्या तेरा केले म्या. एक बी नाई सोडला. एकोणीस वर्सापयले सेमीले हरलो, तवाबी होतो. आता मीच नाई जाऊ?"

नियम बदलायला सात दिवस लागत. सामना पाच दिवसांवर होता. त्या सात दिवसांचे कलम, लोकांनी लहर फिरली की नियम फिरवू नयेत म्हणून, अण्णाजींनी स्वतःच्या हाताने लिहिले होते.

ते जंगलूला घेऊन सचिनच्या दुकानी गेले. सचिनने ऐकले आणि तो मोकळेपणाने हसला. तो दुष्ट नव्हता. अडचणीत असलेल्या माणसाला मागच्या दाराने आत घेणे त्याला मनापासून आवडे; समोरच्या दाराचा हट्ट तेवढा त्याला कळत नसे.

"जंगलूभाऊ, तू काऊन टेन्शन घेऊन राह्यला? बॅनर न्यायचाच हाये. त्यांच्या पत्रात लिहिलं हाये, झेंडे-बॅनर लावायले एक माणूस सामानासंगं आत सोडू. तू जाजो. लावून दे आरामात. पासची गरजच नाई तुले."

"आन मॅच?"

"मॅचच्या आंधी त्याले बाहेर काढते. पण टेम्पोत बसून आयकू येते ना बे सगळं! गोल झाला का समजतेच."

जंगलूने दुकानातल्या पट्ट्यांकडे, बेअरिंगांच्या डब्यांकडे पाहिले.

"मी सामान नोहो," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

रस्त्याने परतताना अण्णाजींच्या तोंडून निघून गेले, "माझा पास घ्या तुम्ही." बोलल्यावर त्यांच्या ध्यानात आले की तेही जमणार नाही, त्यांनी सोडलेला पास नियमाने सचिनच्या मेहुण्याला गेला असता. पण जंगलूला ते कलम ठाऊक नव्हते, आणि त्याला त्याची जरूरही पडली नाही.

"तुमचा कायले? तुमचा तुमाले राहू द्या. मले माहा पायजे."

एकतीस वर्षांत अण्णाजींनी हक्क आणि उपकार यांतला फरक वर्गात पुष्कळदा समजावला होता. इतक्या कमी शब्दांत त्यांना तो कधी मांडता आला नव्हता.

दुपारी त्यांनी तेराही फोटो जेवणाच्या टेबलावर पसरले. कशासाठी, ते त्यांना सांगता आले नसते. प्रत्येक फोटोत तीच पहिली रांग, तेच उंचावलेले अंगठे, मागे निळ्या कापडावर पांढरी अक्षरे. पत्नी विमलाबाई डाळीची वाटी ठेवायला आल्या आणि वाकून पाहू लागल्या.

"काय पाहतेस?"

"तुमचा निळा शर्ट. कोणत्या गावी टाकून आले ते पाह्यतो." त्यांनी एक फोटो उचलला, मग दुसरा. "हा हात कोणाचा हो?"

"कोणता?"

"हा. बांबूवरचा. या फोटोत बी, या फोटोत बी." त्यांनी बोट टेकवले. "सगळ्याइत एकच हात हाये. माणूस काऊन नाई त्याले?"

कापडाच्या उजव्या कडेला बांबूभोवती एक मूठ होती. तीन बोटांची. आर्वीला होती, हिंगणघाटला होती, वरोऱ्याला उन्हात जवळजवळ पांढरी पडलेली होती. अण्णाजींनी भिंग आणून मोजले. तेरा.

फोटोत दिसेल तो हजर, असे कलम होते. चेहरा दिसावा असे कोणी लिहिले नव्हते.

संध्याकाळी वाचनालयात यादी तपासायची कमिटी बसली: सचिन, रजत आणि अण्णाजी. रजतने लॅपटॉपवर एकेक फोटो मोठा केला. त्या खोलीतल्या तिघांनीही जंगलूला कुठल्या ना कुठल्या मैदानावर डोळ्यांनी पाहिले होते. रजतने तर बारा वेळा, कॅमेऱ्याच्या पलीकडून. तो तिथे होता हे तिघांनाही पक्के माहीत होते, आणि तो तिथे होता हे सिद्ध होते की नाही ते ठरवायला तिघे जमले होते.

"हात हाये, मान्य," रजत म्हणाला. "पण सर, हात जंगलूचाच कशावरून? उद्या कोणी म्हणन, हा पाय माझा, ही टोपी माझी."

"तीन बोटांचा हात आहे, रजत."

"नाचणगावात कुट्टीत बोटं गेलेले अजून बी हायेत. मी नियमाचं बोलून राह्यलो. तुम्हीच म्हणले होते, आठवण चालत नाही."

अण्णाजींनी त्याच्याकडे पाहिले. आपल्या एकतीस वर्षांच्या अध्यापनात जो विद्यार्थी त्यांना कधी भेटला नव्हता, ज्याने प्रत्येक शब्द ऐकला आणि जसाच्या तसा परत केला, तो हा.

"बोलवा त्याले," सचिन म्हणाला. "हात अन् फोटो जुळवून पाहू."

जंगलू आला तेव्हा त्याच्या केसांत पोत्यांचा भुसा होता. काय करायचे ते सांगितल्यावर त्याने सचिनकडे पाहिले, रजतकडे पाहिले, आणि अण्णाजींकडे सर्वांत जास्त वेळ पाहिले. मग डावा हात शर्टाला पुसून त्याने लॅपटॉपच्या पडद्याशेजारी टेबलावर ठेवला.

"मूठ कर," सचिन म्हणाला.

त्याने मूठ केली.

"थोडी इकडं. हां."

रजतने वाकून पाहिले. अंगठ्याच्या बुडाशी एक आडवा व्रण होता, पडद्यावरही होता. त्याने पुढचा फोटो लावला, त्याच्या पुढचा लावला. तेराही होईस्तोवर जंगलूने हात हलवला नाही. अण्णाजी वाचनालयाच्या कपाटांकडे पाहत राहिले. त्यांतली निम्मी पुस्तके त्यांनीच दिलेली होती.

"जुळते," रजत म्हणाला. त्याने यादी दुरुस्त केली. "तेरापैकी तेरा. मंग तर हा एक नंबर झाला, सर. माझे बारा हायेत, वडनेरच्या खेपेले मी नव्हतो, तवा फोटो दुसऱ्यानं काढलता." त्याचे बोट खाली सरकत गेले आणि थांबले. "सगळे एक-एक खाली जातील. चाळिसावा..."

सचिननेही वाकून पाहिले.

"सर, तुम्ही एक्केचाळीसवर गेले."

"दिसतं आहे मला."

"अरे, पण नियम सरांनी बनवले! त्यांच्यासाठी एखादी जागा..."

"पदाधिकाऱ्यांना राखीव जागा नाही," अण्णाजी म्हणाले. "तिसरं कलम."

"अण्णाजी," जंगलू म्हणाला. मूठ अजून टेबलावरच होती. "तुमचा गेला का मंग?"

"माझा नव्हताच तो. मोजायला चूक झाली होती."

जंगलूने हात उचलला. तो पासावर आपले नाव लिहून होईपर्यंत थांबला, कागद घडी न करता वहीत घालून मागितला, आणि वही छातीशी धरून गेला.

रविवारी टेम्पो दहाला निघाला. अण्णाजी निरोप द्यायला गेले नाहीत. दुपारी साडेतीनला मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर चौदावा फोटो आला. ते त्याची वाट पाहत होते, हे विमलाबाईंपासून लपले नव्हते. पहिल्या रांगेत, मधोमध, पास गळ्यात अडकवून उभा असलेला जंगलू त्यांनी मनात केव्हाच पाहून ठेवला होता. फोटोत तो शोधायचा तेवढा राहिला होता.

मधोमध सचिन होता. दुसऱ्या रांगेतही जंगलू नव्हता, तिसऱ्यातही नव्हता. बॅनर मात्र पाटीसारखा ताठ होता, आणि उजव्या बांबूवर तीन बोटे होती.

सव्वाचारला फोन वाजला. मागे ढोल आणि शिट्ट्यांचा कल्ला होता.

"अण्णाजी, जंगलू बोलतो. हाफटाईम झाला. शून्य-शून्य हाये. आपल्या गोलकीपरनं दोन असे काढले ना बाप्पा, तुमी पायजे होते पाहाले. आयकू येऊन राह्यलं का?"

"येतंय. जंगलूभाऊ, फोटोत समोर का नाही आलात? पास होता ना तुमच्याकडे."

"हवा होती," जंगलू म्हणाला. "लय हवा होती. ठेवतो आता, सुरू होऊन राह्यली."